जिम्मूचं वाक्य का उलटवलं गेलं, आणि प्राचीन जपानवर मराठीत लिहायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांनी पुण्यात जपानी शिकून एन-३ ची परीक्षा दिली आहे. मराठी विकिपीडियावर प्राचीन जपानबद्दल फार थोडं आहे असं दिसलं म्हणून त्यांनी जिम्मूवर लेख सुरू केला. पहिलंच वाक्य होतं, "जिम्मू हा जपानचा पहिला सम्राट असून तो इ.स.पू. ६६० मध्ये सिंहासनावर बसला." कुणीतरी त्यापुढे 'संदर्भ हवा' चिकटवलं. यांनी एका पर्यटनाच्या संकेतस्थळाचा दुवा दिला, तर दोन दिवसांत वाक्यच उलटवलं गेलं, म्हणजे काढून लेख पूर्वीसारखा केला गेला. त्यांचं म्हणणं असं, की जपानमध्ये ११ फेब्रुवारीला याच घटनेची राष्ट्रीय सुट्टी असते, मग माझी चूक कुठे? आणि आता पुढे लिहू कसं?

वाक्य मी उलटवलेलं नाही, पण माझ्या नजरेस आधी पडलं असतं तर मीही तेच केलं असतं. चिडू नका. बारा वर्षांपूर्वी मीही अगदी असंच वाक्य लिहिलं होतं, फक्त सम्राट दुसरा होता. ते कित्येक महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. तेवढ्यात कुठल्या कुठल्या शाळकरी प्रकल्पांत ते उतरवून घेतलं गेलं असेल कोण जाणे. तुमचं दोन दिवसांत पकडलं गेलं, हे तुमचं नशीब.

सुट्टीपासूनच सुरू करू. ११ फेब्रुवारी ही तारीख मेइजी सरकारने १८७३ साली ठरवली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती सुट्टी रद्द झाली आणि १९६७ पासून 'राष्ट्रस्थापना दिन' म्हणून परत आली. सुट्टी खरीच आहे. पण तारीख एकोणिसाव्या शतकातल्या सरकारने आठव्या शतकातल्या एका ग्रंथावरून मांडलेली आहे. तो ग्रंथ म्हणजे निहोन शोकी, इ.स. ७२० मध्ये दरबाराला सादर झालेला. त्याच्या आठ वर्षं आधीचा कोजिकी, इ.स. ७१२ चा. म्हणजे जिम्मूचं राज्यारोहण आणि ते लिहून ठेवणारा हात यांच्यात जवळजवळ चौदाशे वर्षांचं अंतर. जिम्मू किती जगला यावरही या दोन ग्रंथांचं एकमत नाही. एकात १३७ वर्षं, दुसऱ्यात १२७.

६६० हा आकडा आला कुठून, याचं मेइजी काळातले इतिहासकार नाका मिचियो यांनी दिलेलं स्पष्टीकरण आजही बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं. चिनी पंचांगात साठ वर्षांचं चक्र असतं, आपल्या संवत्सरांसारखंच. अशी एकवीस चक्रं, म्हणजे १२६० वर्षं झाली की मोठी उलथापालथ होते, अशी एक समजूत होती. सुइको सम्राज्ञीच्या काळात इ.स. ६०१ हे त्या चक्रातलं महत्त्वाचं वर्ष पडलं. तिथून १२६० वर्षं मागे जा, इ.स.पू. ६६० येतं. मग एवढी मोठी जागा भरायची कुणी? दुसऱ्यापासून नवव्यापर्यंतच्या आठ सम्राटांबद्दल या ग्रंथांत वंशावळीपलीकडे जवळजवळ काहीच नाही. जपानी अभ्यासक त्यांना 'इतिहास नसलेल्या आठ पिढ्या' म्हणतात. आणि गंमत म्हणजे 'जिम्मू' हे दोन अक्षरी नावसुद्धा ग्रंथांनंतरचं. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात ओमी नो मिफुने या विद्वानाने जुन्या सम्राटांना चिनी धाटणीची मरणोत्तर नावं दिली, त्यातलं हे एक. 'तेन्नो', म्हणजे आपण ज्याचं भाषांतर सम्राट करतो, ती पदवीही सातव्या शतकाच्या उत्तरार्धातली. आसुका इथे १९९८ मध्ये सापडलेल्या एका लाकडी पट्टीवर ती दिसते आणि ती पट्टी साधारण इ.स. ६७७ च्या सुमाराची आहे.

तर तुमचं वाक्य असं हवं होतं : "आठव्या शतकात सिद्ध झालेल्या कोजिकी आणि निहोन शोकी या ग्रंथांत जिम्मू हा जपानच्या राजवंशाचा मूळपुरुष म्हणून येतो. निहोन शोकीतील कालगणनेनुसार त्याचे राज्यारोहण इ.स.पू. ६६० मध्ये झाले. आधुनिक इतिहासकार ही कथा दंतकथा मानतात." लांबलं खरं. पण आता प्रत्येक विधान कुणाच्या नावावर आहे ते कळतं. मी नवीन सदस्यांना सांगतो, वाक्याला धनी हवा. सहाव्या-सातव्या शतकाआधीच्या जपानबद्दल लिहिताना बेवारस वाक्य म्हणजे बहुतेक वेळा चुकीचं वाक्य.

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. बखर कधी लिहिली आणि ज्या प्रसंगाबद्दल लिहिली तो कधी घडला, हे विचारल्याशिवाय आपण बखरीवर विसंबत नाही. समकालीन पत्र हाती लागलं की बखर मागे सरते. जपानचंही तेच आहे, फक्त तिथे पत्रांच्या जागी लाकडाच्या पट्ट्या आणि तलवारी आहेत. या पट्ट्यांना जपानीत 'मोक्कान' म्हणतात. कागद महाग होता, म्हणून करांच्या मालाला बांधायच्या चिठ्ठ्या, हिशेब, निरोप असं सगळं लाकडाच्या पातळ पट्टीवर लिहायचे आणि काम झालं की फेकून द्यायचे. ओल्या मातीत ते लाकूड टिकलं. फेकलेल्या पट्टीला खोटं बोलायचं कारण नसतं, म्हणून तिचं वजन दरबारी ग्रंथाहून जास्त.

एका पट्टीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. इ.स. ६४५ मध्ये दरबारात वरचढ झालेल्या सोगा घराण्याचा काटा काढला गेला आणि पुढच्या वर्षी राज्यकारभार दरबाराच्या हाती एकवटणाऱ्या 'ताइका सुधारणां'चा हुकूम निघाला, असं निहोन शोकी सांगते. त्या हुकुमाचा पूर्ण मजकूरच ग्रंथात दिला आहे. त्यात जिल्ह्यासाठी 'कोरी' हा शब्द एका विशिष्ट चिनी अक्षराने लिहिला आहे. १९५१ मध्ये इनोउए मित्सुसादा यांनी शंका काढली : त्या काळात 'कोरी' हा शब्द वेगळ्याच अक्षराने लिहीत, हे अक्षर तर इ.स. ७०१ च्या ताइहो कायदेसंहितेनंतरचं आहे. म्हणजे ग्रंथकारांनी हुकूम आपल्या काळाच्या भाषेत पुन्हा लिहिला. त्यांचेच गुरू साकामोतो तारो यांनी ग्रंथाची बाजू घेतली. वाद पंधरा-सोळा वर्षं चालला. १९६७ मध्ये फुजिवारा राजवाड्याच्या उत्खननात एक पट्टी निघाली. तिच्यावर इ.स. ६९९ शी जुळणारं वर्ष होतं, आवा नावाचा जिल्हा होता, आणि 'कोरी'साठी इनोउए म्हणत होते तेच जुनं अक्षर होतं. वाद मिटला. एका करचिठ्ठीने सम्राटाच्या हुकुमाचा मजकूर संशयित ठरवला. सुधारणा झाल्याच नाहीत असं यातून सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवा. सिद्ध एवढंच होतं, की ग्रंथातला मजकूर ६४६ चा नाही. किती झाल्या आणि कधी झाल्या यावर अजून चर्चा आहे, आणि लेखात ती चर्चा म्हणूनच यायला हवी.

याच्या उलटही घडतं, म्हणजे जमिनीखालून निघालेली वस्तू ग्रंथाला आधार देते. साइतामा प्रांतातल्या इनारियामा या समाधीच्या टेकाडात १९६८ मध्ये एक गंजलेली तलवार सापडली. दहा वर्षं ती तशीच होती. १९७८ मध्ये गंज थांबवण्याच्या प्रक्रियेआधी नारा इथल्या संस्थेत तिचा क्ष-किरण काढला, तर दोन्ही बाजू मिळून सोन्यात जडवलेली ११५ अक्षरं दिसली. ओवाके नावाच्या माणसाने आपल्या आठ पिढ्या सांगितल्या आहेत आणि आपण 'वाकाताकेरू ओकिमी'च्या पदरी होतो असं लिहिलं आहे. वर्ष साठीच्या चक्रातलं आहे. बहुसंख्य अभ्यासक ते इ.स. ४७१ मानतात, काही थोडे ५३१. ग्रंथांत यूऱ्याकू सम्राटाचं मूळ नाव वाकाताकेरू असंच येतं, आणि चिनी इतिहासात इ.स. ४७८ मध्ये पत्र पाठवणारा 'वा' देशाचा, म्हणजे जपानचा, राजा 'बू' तो हाच, असं मानलं जातं. तीन स्वतंत्र धागे एका माणसावर येऊन मिळतात. पण तलवारीवर पदवी 'ओकिमी', म्हणजे महाराजा, अशी आहे, तेन्नो नाही. म्हणून पाचव्या शतकाबद्दल लिहिताना सरसकट 'सम्राट' लिहायचं की 'राजा', हा प्रश्न येतो. माझी पद्धत अशी आहे : शीर्षकात रूढ 'सम्राट' ठेवतो, मजकुरात पहिल्या परिच्छेदातच सांगतो की त्या काळी पदवी ओकिमी होती. मराठी विकिपीडियावर याचं धोरण ठरलेलं नाही. तुम्हाला दुसरं काही सुचत असेल तर चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, मांडा.

आता हिमिको, तिसऱ्या शतकातली राणी. नवीन लोक जिम्मूनंतर हमखास तिच्याकडे वळतात, कारण गोष्ट रंगतदार आहे. धनी इथे चिनी आहे : तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात चेन शोऊने लिहिलेला वेई राज्याचा इतिहास. म्हणजे ही जवळजवळ समकालीन साक्ष, पण परक्याची आणि ऐकीव. त्यात यामाताई देशाची राणी हिमिको वेईकडे दूत पाठवते, तिला 'वेईची मित्र, वाची राजा' अशी पदवी, सोन्याचा शिक्का आणि शंभर आरसे मिळतात. निहोन शोकीत मात्र हिमिको या नावाची राणी नाहीच. दूत कधी गेला? मूळ प्रतीत वर्ष इ.स. २३८ चं आहे, बहुतेक अभ्यासक ती लेखनिकाची चूक मानून २३९ धरतात. लेखात '२३८ किंवा २३९' लिहा आणि कारण तळटीपेत द्या. राज्य होतं कुठे? ग्रंथातल्या दिशा आणि अंतरं जशीच्या तशी मोजली तर माणूस क्यूशू बेटाच्या दक्षिणेला समुद्रात जाऊन पडतो. म्हणून काही दिशा चुकली असं म्हणतात आणि देश नारा परिसरात नेतात, काही अंतरं फुगवली असं म्हणतात आणि उत्तर क्यूशूत ठेवतात. या वादात तुम्ही न्यायाधीश नाही. नाराजवळच्या माकिमुकूचं उत्खनन, तिथलं हाशिहाका हे सुमारे २८० मीटर लांबीचं समाधीचं टेकाड, २००९ मध्ये जाहीर झालेल्या रेडिओकार्बन तारखा (इ.स. २४० ते २६०) हे सगळं नारा पक्षाच्या बाजूने मांडता येतं. त्या तारखांवर आक्षेप घेणारेही आहेत. आणि हाशिहाका राजघराण्याच्या खात्याकडे वेगळ्याच राजकन्येची समाधी म्हणून नोंदलेलं असल्याने तिथे मोकळेपणी खोदता येत नाही. 'हिमिकोची समाधी सापडली' असं एखाद्या बातमीचं शीर्षक दिसलं तर तो दुवा वापरू नका. अशा बातम्या दर दोन-तीन वर्षांनी येतात.

सोन्याचा शिक्का म्हटल्यावर एक घोटाळा आत्ताच सांगून ठेवतो. १७८४ मध्ये फुकुओकाजवळच्या शिकानोशिमा बेटावर शेतात सापडलेला, सव्वादोन-अडीच सेंटिमीटर बाजूचा शिक्का हिमिकोचा नाही. तो हान सम्राटाने इ.स. ५७ मध्ये 'ना' देशाच्या राजाला दिलेला मानला जातो. हिमिकोचा शिक्का सापडलेलाच नाही. मराठीत आणि हिंदीत हे दोन्ही मी एकत्र केलेले पाहिले आहेत, छायाचित्रासकट.

नावांचा प्रश्न याहून किचकट आहे, पण मला त्यात सगळ्यात मजा येते. साकाई शहरातलं सगळ्यात मोठं टेकाड घ्या, कुलपाच्या भोकाच्या आकाराचं, जुन्या मापाने ४८६ मीटर आणि खंदकातल्या पाण्याखालचा भाग धरून केलेल्या नव्या मापाने ५२५ मीटर. राजघराण्याचं खातं त्याला निन्तोकू सम्राटाची समाधी म्हणतं. २०१९ च्या जागतिक वारसा यादीतही निन्तोकूचंच नाव आहे. पण निहोन शोकीप्रमाणे निन्तोकू वारला ३९९ मध्ये आणि टेकाडावरच्या मातीच्या नळकांड्यांवरून ते पाचव्या शतकाच्या मध्याचं ठरतं. म्हणून बरेच पुरातत्त्वज्ञ आणि पाठ्यपुस्तकं स्थळाच्या नावाने 'दाइसेन कोफुन' (कोफुन म्हणजे असं समाधीचं टेकाड) म्हणतात. मी लेखाचं नाव 'दाइसेन कोफुन' ठेवीन आणि निन्तोकूच्या नावाने पुनर्निर्देशन करीन. लेखाचं नाव ठेवणं म्हणजे एका पक्षात जाऊन बसणं असतं, निदान बसताना ठाऊक तरी असावं.

आणि ही नावं देवनागरीत आणायची कशी? इंग्रजीतून आणू नका, एवढं एक पाळलं तर अर्धं काम झालं. जपानी त आणि द दंत्य आहेत, आपल्या त-द सारखेच. 'यामाटो', 'शोटोकू', 'निन्टोकू' ही इंग्रजीची उष्टी रूपं आहेत. 'टोकियो' मात्र मराठीत इतकं मुरलं आहे की त्याला हात लावू नका. इंग्रजी झेडसाठी आपल्याकडे झ वापरायची सवय आहे, म्हणून मोझू, सुइझेइ. 'जिन्मू' असं लिहून 'जिम्मू' वाचायचं असतं, मग सरळ जिम्मू लिहा. शब्दाच्या शेवटी मराठी डोळ्याला दीर्घ लागतो, जपानी स्वर ऱ्हस्व असला तरी. मी शेवटी दीर्घ लिहितो, मधे मूळ जसं असेल तसं ठेवतो. काही जण यावर भांडतात, भांडू देत. दीर्घ 'ओ' दाखवायला देवनागरीत सोय नाही, तो माहितीचौकटीत जपानी लिपीत कळतोच.

एका जागी मात्र मराठी हिंदीला मागे टाकते. जपानीत 'र' आणि 'य' एकमेकांत विरघळून एकच हलका उच्चार होतो. हिंदीत तो लिहायला गेलं की 'सूर्य'सारखा रफार येतो आणि आधीच्या अक्षरावर आघात बसतो. आपल्याकडे दऱ्या, सुऱ्या, पऱ्या आहेत. होऱ्यूजी, यूऱ्याकू असं लिहा. मराठी माणूस पहिल्याच वाचनात जवळजवळ बरोबर म्हणतो.

काळाच्या बाबतीत जुनी पुस्तकं घात करतात. जोमोन या प्रागैतिहासिक काळाचं नाव दोरीच्या ठशांच्या भांड्यांवरून आलं, १८७७ मध्ये ओमोरीत उत्खनन करणाऱ्या एडवर्ड मॉर्स यांच्या वर्णनावरून. त्यानंतरचा काळ यायोई, हे तोक्योतल्या एका वस्तीचं नाव, तिथे १८८४ मध्ये वेगळ्या घडणीचं भांडं मिळालं. (पाहा, आत्ताच 'टोकियो'ला हात लावू नका म्हटलं आणि मीच तोक्यो लिहिलं. सवय.) यायोई काळाची सुरुवात, म्हणजे ओल्या भातशेतीची सुरुवात, इ.स.पू. चौथ्या-पाचव्या शतकात झाली असं वर्षानुवर्षं छापलं जायचं. २००३ मध्ये राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाने भांड्यांवरच्या काजळीच्या कार्बन तारखा जाहीर केल्या आणि सुरुवात इ.स.पू. दहाव्या शतकापर्यंत मागे नेली. सगळ्यांनी ती तेव्हा लगेच मान्य केली असं नाही, म्हणून लेखात दोन्ही आकडे आणि दोन्हींची साल हवी. तुमच्या हाताशी १९९० च्या दशकातलं पुस्तक असेल तर ते चुकीचं नाही, जुनं आहे.

अश्मयुगात तर याहून सावध राहा. ५ नोव्हेंबर २००० रोजी माइनिची वृत्तपत्राने छायाचित्रं छापली : सहा लाख वर्षं जुनी हत्यारं शोधणारा प्रसिद्ध हौशी संशोधक कामिताकामोरी इथे पहाटे स्वतःच दगड पुरताना. वीस वर्षांहून जास्त काळातले त्याचे शोध कोसळले, पाठ्यपुस्तकं बदलावी लागली. २००० च्या आधी छापलेल्या कुठल्याही पुस्तकातलं 'जपानमध्ये लाखो वर्षांपूर्वीचा मानव' हे प्रकरण उचलू नका. पण यावरून सगळ्या हौशी लोकांना नावं ठेवू नका. जपानमध्ये अश्मयुग होतं हे मुळात दाखवून दिलं ते आइझावा तादाहिरो यांनी, १९४६ मध्ये इवाजुकू इथे. ते पोटासाठी नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन विकत फिरायचे आणि लाल मातीच्या कड्यांत दगड शोधायचे.

कोरियाशी संबंधित लेखांना सुरुवातीला हात लावू नका. निहोन शोकीत कोरियन द्वीपकल्पाच्या दक्षिणेला 'मिमाना निहोन-फू' नावाची जपानी कचेरी असल्याचं येतं. विसाव्या शतकात या एका शब्दावर वसाहतवादाचा इमला उभा राहिला होता. 'निहोन' हे देशनावच सातव्या शतकाच्या अखेरीचं असताना सहाव्या शतकात त्या नावाची कचेरी कशी, एवढा प्रश्न तरी लेखात यायला हवा. कोरियन राजा ग्वांगेतोच्या इ.स. ४१४ च्या शिलालेखाचंही असंच आहे. तिथे 'वा' लोकांबद्दलच्या वाक्याचा कर्ता कोण यावरच शंभर वर्षं भांडण चाललं आहे. इंग्रजीवर या लेखांची चर्चापानं वाचा, करमणूक होईल, पण तो आखाडा मराठीत आणायची घाई नको.

भारताशी धागा सांगायचा मोह तुम्हाला होणारच, मलाही होतो. बोधिसेन नावाचा दक्षिण भारतीय ब्राह्मण भिक्षू चीनमार्गे इ.स. ७३६ मध्ये जपानला पोचला आणि ७५२ मध्ये नाराच्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाचे डोळे रंगवून प्राणप्रतिष्ठा त्याच्या हातून झाली. एवढं पक्कं आहे आणि एवढंच पुरेसं भव्य आहे. पण त्याच्यावर कायकाय लादतात! जपानी अक्षरांचा अ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना हा क्रम त्याने शिकवला, असं छातीठोक लिहिलेलं तुम्हाला सापडेल. त्या क्रमावर संस्कृत वर्णमालेची छाप आहे हे अभ्यासक मानतात. आपल्या क-च-ट-त-प-शी ताडून पाहा, 'सा' च-वर्गाच्या जागी बसलेला आणि 'हा' प-वर्गाच्या जागी बसलेला दिसेल. मात्र अशा तक्त्याचं सगळ्यात जुनं उदाहरण अकराव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे. बोधिसेन इ.स. ७६० मध्ये गेला. मधली अडीचशे वर्षं कोण भरणार?

अजिंठ्याचंही तसंच. होऱ्यूजीच्या मुख्य मंदिरातलं बोधिसत्त्वाचं चित्र आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी यांचं साम्य बऱ्याच जणांनी नोंदवलं आहे. आराई काम्पो या चित्रकाराने तर दोन्हींच्या प्रतिकृती करायचं काम केलं. पण 'साम्य नोंदवले गेले आहे' आणि 'अजिंठ्याच्या कलाकारांनी काढले' या दोन वाक्यांत अख्खा मध्य आशिया आणि तांग चीन आडवा पसरला आहे. ती भित्तिचित्रं २६ जानेवारी १९४९ च्या आगीत होरपळली आणि त्यातून पुढच्या वर्षी जपानचा सांस्कृतिक वारसा संरक्षण कायदा झाला. लेखात हे घाला, महाराष्ट्रातल्या वाचकाला आपल्या लेण्यांकडे बघताना कामाला येईल.

संदर्भांबद्दल. कोजिकीचं चेंबरलेन यांनी १८८२ मध्ये केलेलं आणि निहोन शोकीचं ॲस्टन यांनी १८९६ मध्ये केलेलं इंग्रजी भाषांतर फुकट मिळतं, म्हणून सगळीकडे तेच दिसतं. 'ग्रंथ काय म्हणतो' एवढ्यापुरतं ते वापरा, 'काय घडलं' यासाठी नको. (चेंबरलेन यांनी अश्लील वाटलेला मजकूर लॅटिनमध्ये दिला आहे. तिथे अडलात तर घाबरू नका, तुमचं इंग्रजी कच्चं नाही.) इतिहासासाठी १९९३ चा केंब्रिज जपान इतिहासाचा पहिला खंड हा पाया धरा, आणि त्यानंतरच्या शोधांसाठी संग्रहालयांची व उत्खनन करणाऱ्या संस्थांची स्वतःची पानं. नाराच्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा संशोधन संस्थेचा मोक्कानचा माहितीसाठा खुला आहे. एन-३ च्या जपानीवर पट्टी वाचता येणार नाही, पण नोंदीतली साल, ठिकाण आणि क्रमांक नक्की येईल. जपानी विकिपीडिया हा संदर्भ नव्हे. तिथल्या तळटीपा मात्र सोन्याची खाण आहेत. तिथून किंवा इंग्रजीतून भाषांतर करणार असाल तर बदलाच्या सारांशात मूळ लेखाचं नाव लिहा, परवान्याची ती अटच आहे. यंत्राने केलेलं भाषांतर जसंच्या तसं चढवू नका. टेकाडाला 'कीहोल मकबरा' म्हणणारा एक परिच्छेद मी स्वतः काढला आहे.

तारखांचं एक राहिलं. ग्रंथातली 'पहिल्या महिन्याची पहिली तिथी' म्हणजे १ जानेवारी नव्हे. शिवजयंती तिथीने की तारखेने हा वाद पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. रूपांतर स्वतः करू नका, छापील संदर्भात असेल तरच द्या. नाहीतर 'त्या वर्षीच्या दुसऱ्या महिन्यात' एवढं पुरे.

जिम्मूचा लेख सध्या बाजूला ठेवा. मोठ्या लेखांना लोक सतत हात लावतात आणि नव्या माणसाचा उत्साह तिथे मरतो. वस्तू घ्या, शक्यतो एकच, जिला सापडल्याची तारीख, जागा आणि मोजमाप आहे. ओ नो यासुमारोची कबर कशी वाटते बघा. कोजिकी सिद्ध करणारा हा माणूस खरा होता का अशी शंका घेतली जायची. १९७९ च्या जानेवारीत नाराजवळ चहाच्या मळ्यात काम करणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या अस्थींसोबत तांब्याची पट्टी मिळाली, नाव आणि मृत्यूच्या तारखेसकट, साल इ.स. ७२३. चारशे शब्दांत छान लेख होईल. नाहीतर इनारियामाची तलवार घ्या. मसुदा आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, टाका आणि माझ्या चर्चापानावर हाक मारा. तलवार घेतलीत तर अक्षरं ११५ भरतात का, ते मी पहिलं मोजून बघेन.